विंडोज न पुसता लिनक्स टाकायचंय? मग आधी विंडोजमध्ये बसा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून "माझा लॅपटॉप चांगला चालतोय पण विंडोज ११ घेत नाही, लिनक्स टाकू का" हा प्रश्न सारखा कुणी ना कुणी विचारत असतं. टाका की, लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम. फक्त बहुतेकांना विंडोज पूर्ण सोडणं जमत नाही, कुणाचं टॅली त्यावर, कुणाचं श्रीलिपी, कुणाचं ऑटोकॅड, कुणाच्या डिजिटल सहीचा टोकन तिथेच धड चालतो, आणि घरात पोरं असतील तर गेम आलेच. मग उरतो मार्ग एकच, एका मशीनवर दोन्ही ठेवायचे आणि चालू करताना कुठलं हवं ते निवडायचं, म्हणजे ड्युअल बूट.

यात खरं इन्स्टॉल अर्ध्या तासाचं पण काम नाही. डोकं खातं ते त्याच्या आधीचं, विंडोजला थोडं सरकायला लावणं. लोक नेमकं उलटं करतात, पेनड्राइव्ह बनवला की लगेच बूट करून बसतात आणि मग डिस्कच दिसत नाही, नाहीतर "विंडोजच्या शेजारी टाका" हा पर्यायच येत नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी विंडोज ४८ आकडी की (किल्ली) मागून अडून बसतं. हे सगळं टाळता येतं, म्हणून खाली पेनड्राइव्हपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल, कंटाळू नका.

उदाहरणाला मी विंडोज १० किंवा ११ असलेला नेहमीचा इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स मिंट २२ (लिनक्सचा एक प्रकार, उबुंटू हा दुसरा) धरतोय. मिंट अशासाठी की विंडोजवरून येणाऱ्या माणसाला ते परकं वाटत नाही, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, आणि ते उबुंटू २४.०४ वर उभं असल्यामुळे अपडेट २०२९ पर्यंत मिळत राहणार. उबुंटूच टाकणार असाल तरी विंडोजकडची तयारी शंभर टक्के हीच, फक्त इन्स्टॉलरच्या स्क्रीन वेगळ्या दिसतील. स्नॅपड्रॅगनवाले नवे लॅपटॉप मात्र यात धरू नका, त्यांचा प्रोसेसरच वेगळ्या जातीचा, त्यावर ही नेहमीची आयएसओ (लिनक्सची उतरवून घ्यायची इन्स्टॉल फाइल) चालत नाही.

क्रम कायम लक्षात ठेवा, विंडोज आधी आणि लिनक्स नंतर. लिनक्सचा बूटलोडर (मशीन चालू होताना सिस्टम उठवणारा छोटा प्रोग्राम), म्हणजे ग्रब, विंडोजला शोधून आपल्या मेनूत घेतो. विंडोज असलं काही करत नाही, ते नंतर टाकलं की स्वतःला पहिल्या नंबरवर बसवतं आणि लिनक्स तिथे आहे याची दखलही घेत नाही.

बॅकअप

फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा, जे गेलं तर रडू येईल ते सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर. डी ड्राइव्हवर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका, डी बऱ्याचदा त्याच डिस्कचा तुकडा असतो आणि डिस्क पुसली तर सी बरोबर डी पण जातो. आणि जमलं तर विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह पण एक बनवून ठेवा, लागला नाही तर उत्तमच.

विंडोजमध्ये बसून करायची कामं

स्टार्टमध्ये "सिस्टम इन्फॉर्मेशन" शोधा आणि उघडा. त्यात "बायोस मोड" अशी एक ओळ आहे (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी उठणारं मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअर), तिथे यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, लिहिलंय की लेगसी, म्हणजे जुनी, ते बघून कागदावर लिहून ठेवा, तिथेच खाली सिक्युअर बूट (ओळखीच्या सहीचाच बूटलोडर उठू देणारं कुलूप) ऑन आहे की ऑफ ते पण दिसतं. मागच्या सात-आठ वर्षांतल्या मशीनवर जवळजवळ नक्की यूईएफआयच असेल. नियम एवढाच की विंडोज ज्या मोडमध्ये आहे त्याच मोडमध्ये लिनक्स टाकायचं. एक यूईएफआय आणि दुसरं लेगसी असं झालं तर दोन्ही वेगवेगळे चालतात पण ग्रबच्या मेनूतून विंडोजमध्ये जाता येत नाही आणि मग माणूस बायोसमध्ये चकरा मारत बसतो.

यूईएफआय मशीनवर डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला तुकडा) असतं, ईएफआय सिस्टम पार्टिशन, विंडोज स्वतः बनवतं तेव्हा ते साधारण १०० एमबीचं असतं. सोसायटीच्या गेटवर नावांची पाटी असते ना, हे तसं, घरं आत असतात आणि पाटीवर फक्त कोण कुठे राहतं ते. विंडोजचं एक फोल्डर, लिनक्सचं एक फोल्डर, दोघं गुण्यागोविंदाने राहतात. हे पार्टिशन कधीही फॉरमॅट करायचं नाही, बस. मिंटला त्यातली काही एमबीच जागा लागते त्यामुळे १०० एमबी पुरतात, पण पॉप ओएससारखं काही टाकणार असाल तर ते आपले कर्नलसुद्धा (सिस्टमचा गाभा) तिथेच ठेवतं आणि १०० एमबीत त्याचं भागत नाही. पहिल्यांदा करताय तर त्या वाटेला जाऊ नका.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, कारण त्यांना माहीतच नसतं की आपली डिस्क एन्क्रिप्टेड आहे. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने टाकलेल्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम एडिशनवर पण. सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" खाली "डिव्हाइस एन्क्रिप्शन" बघा, प्रो असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये "बिटलॉकर" शोधा. आणखी एक गंमत म्हणजे काही मशीनवर सी ड्राइव्हच्या आयकॉनवर पिवळा त्रिकोण असतो, त्याचा अर्थ एन्क्रिप्शन झालंय पण त्याची किल्ली अजून लागू नाही, तरीसुद्धा लिनक्सच्या इन्स्टॉलरच्या लेखी ते बिटलॉकरच.

चालू असेल तर पहिलं काम की मिळवणं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ब्राउझरवरून लॉगिन करा, तिथे रिकव्हरी की दिसते, ४८ आकड्यांची, ती फोनमध्ये फोटो काढून आणि कागदावर लिहून अशी दोन्हीकडे ठेवा, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून काय उपयोग. मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. याला अर्धा तास लागेल किंवा काही तास, डिस्क किती मोठी आणि किती वेगवान त्यावर आहे, मध्ये लाइट जाणाऱ्या गावात असाल तर चार्जर लावून आणि बॅटरी भरून मगच सुरू करा. बंद न करताही लिनक्स टाकता येतं, येतं म्हणजे जाणकाराला येतं, पण सिक्युअर बूटचं सेटिंग हललं किंवा विंडोज ग्रबमधून सुरू झालं की विंडोज ती रिकव्हरी की मागू शकतं, त्यापेक्षा आत्ता बंद करा आणि सगळं स्थिरस्थावर झालं की वाटल्यास परत चालू करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा.

फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून तुम्ही शटडाउन दाबता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आतला गाभा हायबरनेट करून डिस्कवर ठेवतं म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठेल. विंडोजला हे सोयीचं, पण अशा अर्धवट झोपलेल्या ड्राइव्हवर लिनक्सने काही लिहिलं तर फाइलसिस्टम बिघडू शकते, म्हणून लिनक्स ते ड्राइव्ह फक्त वाचायला देतं किंवा उघडतच नाही. "डी ड्राइव्ह दिसतोय पण त्यात काही सेव्ह होत नाही" ही जी सार्वत्रिक तक्रार आहे ती नव्वद टक्के वेळा हीच. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", तिथे वरची "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" ही लिंक दाबली की खालच्या टिक्स हलवता येतात, त्यातली "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" काढा. किंवा सरळ कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ अशी कमांड द्या, टाइप अर्थात इंग्रजीत. याने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातं आणि शिवाय हायबरनेशनची काही जीबीची फाइल उडून जागा पण मोकळी होते, मला हाच मार्ग बरा वाटतो. विंडोजचा मोठा अपडेट आला की हे सेटिंग कधीकधी परत चालू झालेलं सापडतं, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा डोकावत जा.

जागा काढणं. स्टार्टवर राइट क्लिक करून "डिस्क मॅनेजमेंट" उघडा, सी वर राइट क्लिक, "श्रिंक व्हॉल्यूम". आकडा एमबीत टाकायचा असतो, १०० जीबी हवे असतील तर १०२४००. मिंटला कमीत कमी २० जीबी लागतात पण २० मध्ये कुणीही सुखी राहत नाही, ६० च्या खाली जाऊ नका आणि जमत असेल तर १०० द्या. इथे हमखास वैताग येतो तो असा की सी मध्ये २०० जीबी रिकामे असतात आणि श्रिंक म्हणतं जास्तीत जास्त १२ जीबी. कारण डिस्कच्या मधोमध कुठेतरी विंडोजच्या न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात, हायबरनेशनची, पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), सिस्टम रिस्टोअरचे साठे. हायबरनेशन वर बंद केलंच आहे, आता सिस्टम प्रोटेक्शन बंद करा, व्हर्च्युअल मेमरीत पेजफाइल तात्पुरती "नो पेजिंग फाइल" करा, रीस्टार्ट, आणि परत श्रिंक. बहुतेक वेळा आकडा एकदम वाढतो. काम झालं की पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करायला विसरू नका.

श्रिंक झाल्यावर काळ्या पट्टीत "अनअलोकेटेड" दिसेल. ती तशीच सोडा. त्यावर नवीन व्हॉल्यूम बनवायची हौस येते, नका. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात, पाचवं करायला गेलात की विंडोज डिस्क डायनॅमिक करू का असं अगदी सहज विचारतं, त्याला हो म्हटलं की लिनक्सच्या इन्स्टॉलरची वाट बंद आणि परत बेसिक करणं ही वेगळीच डोकेदुखी.

राहिलं इंटेल आरएसटी, म्हणजे डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत. बऱ्याच लॅपटॉपवर कारखान्यातूनच स्टोरेजचा मोड आरएसटी किंवा रेड असा येतो आणि मग लिनक्सला आतली एसएसडी दिसतच नाही, इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे त्याच जागी व्हीएमडी असतं. मिंट २२ चं कर्नल नवं असल्यामुळे व्हीएमडीवाल्या मशीनवर बऱ्याचदा डिस्क दिसते, म्हणून आधीच हात लावू नका, लाइव्हमध्ये (पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून) बघून दिसली नाही तरच हे करा. आणि करायचं ते थेट बायोसमध्ये जाऊन नाही, तसं केलं की विंडोज निळी स्क्रीन दाखवतं, "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". आधी विंडोजमध्ये "सिस्टम कॉन्फिगरेशन" उघडून बूट टॅबमध्ये "सेफ बूट" टिक करायचं, रीस्टार्ट, लगेच बायोसमध्ये शिरून मोड एएचसीआय (नेहमीचा साधा मोड) करायचा किंवा व्हीएमडी बंद करायचं, सेव्ह. विंडोज सेफ मोडमध्ये उठतं, एएचसीआयचा ड्रायव्हर पकडतं, मग सेफ बूटची टिक काढून परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असं काही मशीनवर होतं, अकाउंटचा पासवर्ड आठवत असू द्या. निळी स्क्रीन आधीच आली असेल तर घाबरू नका, बायोसमध्ये मोड होता तसा केला की विंडोज परत उठतं.

पेनड्राइव्ह

मिंटची आयएसओ त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या, तीनएक जीबीच्या आत आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह खूप झाला, आणि त्यातलं सगळं पुसलं जाणार. विंडोजवर रूफस हा बूटचा पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्राम वापरा. आयएसओ निवडली की शेजारी चेकसमचं (फाइल नीट उतरली का ते तपासायच्या आकड्याचं) छोटं बटण आहे, त्यातला शा-२५६ चा आकडा मिंटच्या डाउनलोड पानावरच्या आकड्याशी जुळवा, मोबाइलच्या नेटवर उतरवलेली फाइल अर्धवट असणं फार कॉमन आहे आणि त्याचे एरर इतके चित्रविचित्र येतात की माणूस रॅमला दोष देत बसतो. पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय, वर लिहून ठेवलेला मोड लेगसी असेल तर एमबीआर. स्टार्ट दाबल्यावर आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारेल, आयएसओ घ्या, बूट नाही झाला तर परत डीडीने बनवा. डीडीने बनवलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला की ते फॉरमॅट करू का विचारतं, नाही म्हणा.

बूट करणं

बूट मेनूची की प्रत्येक कंपनीची वेगळी. डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एसरवर एफ१२ पण ते बायोसमध्ये आधी चालू करावं लागतं. काही लेनोवोंना बाजूला पिन जाईल एवढं भोक असतं, ते दाबलं की मेनू येतो. की दाबायची वेळ सापडतच नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, निळ्या पडद्यावर "यूज अ डिव्हाइस" येतं, त्यातून पेनड्राइव्ह निवडा. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो.

सिक्युअर बूट बंद करा असं जुन्या व्हिडिओंमध्ये सगळे सांगतात. मिंट, उबुंटू, फेडोरा या सगळ्यांचा सुरुवातीचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही ते उठतात, तेव्हा आधी आहे तसंच बघा.

स्क्रीन काळी पडली, विशेषतः एनव्हिडियाचं ग्राफिक असलेल्या लॅपटॉपवर, तर परत बूट करून मेनूतला "कॉम्पॅटिबिलिटी मोड" निवडा. डेस्कटॉप आला की इन्स्टॉलच्या आयकॉनवर झडप घालू नका, हा लाइव्ह मोड आहे, पेनड्राइव्हवरूनच चालतोय, डिस्कला अजून हात लागलेला नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड, ब्राइटनेसच्या कीज, सगळं फिरवून बघा. "डिस्क्स" नावाचं ॲप उघडून आतली डिस्क आणि तुम्ही मोकळी केलेली जागा दिसते का तेही बघा. वायफाय नसेल दिसत तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंट त्याला साधं वायरचं नेट समजतं, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. या एका गोष्टीने कितीतरी जणांची अडलेली गाडी पुढे गेली आहे.

इन्स्टॉल

भाषा मराठी पण मिळते, पण पहिल्यांदा इंग्रजीच ठेवा असं मी म्हणेन, एरर आला तर शोधायला सोपं जातं, मराठी नंतर कधीही लावता येते. मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालायला लागतात ते) टिक करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथेच एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आठ-दहा साधी अक्षरं द्या आणि कागदावर लिहा, तो थोड्या वेळाने एकदाच लागणार आहे.

मग येते मुख्य स्क्रीन. "इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर", "इरेज डिस्क", "समथिंग एल्स". इरेज डिस्क म्हणजे अख्खी डिस्क, विंडोज आणि डी सकट, ती फक्त मिंटची रिकामी जागा पुसेल असं समजून दाबणारे दर वर्षी निघतात. अलाँगसाइड दिसत असेल तर ते ठीक आहे. दिसत नसेल तर इन्स्टॉलरला विंडोज ओळखता आलं नाही, म्हणजे वरच्यापैकी काहीतरी राहिलंय, बिटलॉकर, फास्ट स्टार्टअप, आरएसटी, डायनॅमिक डिस्क, किंवा पेनड्राइव्ह चुकीच्या मोडमध्ये बूट झालाय. अशा वेळी पुढे रेटू नका, बाहेर पडा आणि कारण शोधा.

मला स्वतःला समथिंग एल्स आवडतं, कारण त्यात काय कुठे जातंय ते डोळ्याला दिसतं. यादीत डिस्कांची नावं विचित्र असतात, पेनड्राइव्ह बहुतेक एसडीए आणि आतली एसएसडी एनव्हीएमईने सुरू होणारी, नावावर न जाता साइज बघून ओळखा. "फ्री स्पेस" म्हणून तुमची जागा दिसेल, ती निवडून अधिकचं चिन्ह दाबा, साइज आहे ती पूर्ण, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट म्हणून नुसता स्लॅश. झालं. वेगळं स्वॅप (लिनक्सची पेजफाइल) पार्टिशन करायची आता गरज नसते, मिंट स्वॅपची फाइल स्वतः बनवतं. फ्री स्पेसच्या जागी "अनयूजेबल" आलं तर डिस्क एमबीआर आहे आणि चारचा कोटा भरलाय. ईएफआयचं पार्टिशन यादीत दिसेल, त्याच्या फॉरमॅटच्या चौकटीत टिक नाही ना हे बघा. खाली बूटलोडरसाठी डिस्क विचारतात तिथे तीच आतली डिस्क ठेवा. दोन डिस्क असतील, एसएसडीवर विंडोज आणि दुसरीवर मिंट असं, तर हा इन्स्टॉलर तुम्ही खाली काहीही निवडलं तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच टाकतो, पुढे ती डिस्क काढली की मिंट उठत नाही, हे माहीत असलेलं बरं.

"इन्स्टॉल नाऊ" दाबल्यावर एक छोटी खिडकी येते, कुठली पार्टिशन फॉरमॅट होणार त्याची यादी. ती वाचा. त्यात फक्त तुमचं नवीन ईएक्सटी४ (आणि असलंच तर स्वॅप) असायला पाहिजे, एनटीएफएसचं, म्हणजे विंडोजच्या पार्टिशनचं, नाव दिसलं तर गो बॅक. पुढचं सगळं सोपं, टाइमझोन कोलकाता, नाव, पासवर्ड, होम फोल्डर एन्क्रिप्ट करायची टिक पहिल्या वेळी नको. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतात.

रीस्टार्टला, वर पासवर्ड ठरवला असेल तर, एक निळी स्क्रीन येते, "परफॉर्म एमओके मॅनेजमेंट". बघून लोक घाबरतात, विंडोज गेलं म्हणून. काही गेलं नाही, सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमसारखे बाहेरचे ड्रायव्हर चालायला त्यांची सही मशीनला ओळखीची करून द्यावी लागते, ती हीच पायरी. "एनरोल एमओके", कंटिन्यू, येस, तो मघाचा पासवर्ड, रीबूट. दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर ती निघून जाते आणि परत येत नाही, मग ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही आणि कारण कळत नाही, तेव्हा चहा आणायला याच वेळी जाऊ नका.

पहिल्या बूटनंतरच्या कटकटी

मेनू न येता थेट विंडोज उठलं तर मिंट टाकलं गेलं नाही असं नाही, फक्त क्रम बदलायचाय. बायोसमध्ये बूट ऑर्डरमध्ये जा आणि तिथे "उबुंटू" वर घ्या. हो, उबुंटू. मिंट तिथे उबुंटू याच नावाने नोंद करतं, मिंट शोधत बसाल तर सापडणार नाही. काही लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे तेच बायोस, इतकं हट्टी असतं की क्रम बदलला तरी विंडोजच पुढे ढकलतं, तिथे बूट मेनूची की वापरून निवडणं एवढंच हातात राहतं, किमान फर्मवेअरचा अपडेट येईपर्यंत.

उलटं झालं, म्हणजे थेट मिंट आणि विंडोज मेनूत नाही, तर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून सुडो अपडेट-ग्रब एवढी कमांड द्या, विंडोज बूट मॅनेजर सापडला अशी ओळ आली की काम झालं. नवीन ग्रब, २.०६ पासून, दुसऱ्या सिस्टम शोधणं मुळातच बंद ठेवून येतो, त्यामुळे काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या प्रकारांवर) त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस प्रोबर डिसेबल असलेली ओळ फॉल्स करावी लागते.

घड्याळ. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे. भारतात हे प्रत्येकाला होतं आणि आकडा बघूनच कळायला हवं, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. मिंटमध्ये टर्मिनलवर टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ अशी कमांड दिली की मिटलं. तुम्ही अमेरिकेत किंवा जर्मनीत असाल, जिथे वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे होतं, तर हा उपाय तितकासा बरा नाही, तिथे विंडोजच्या रजिस्ट्रीतच यूटीसी वाचायला सांगणं योग्य. आपल्याकडे तो प्रश्नच नाही.

एनव्हिडिया असेल तर "ड्रायव्हर मॅनेजर" उघडून ज्याच्यापुढे रेकमेंडेड आहे तो टाका, साइटवरून हाताने उतरवू नका. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट ॲड करा, इनस्क्रिप्ट पण आहे आणि रोमन उच्चारावर चालणारा फोनेटिक पण.

नंतर कधीतरी विंडोजचा अपडेट येतो आणि एके दिवशी लिनक्स उठत नाही, हे होऊ शकतं. ऑगस्ट २०२४ चा प्रकार बऱ्याच जणांना आठवत असेल, विंडोजच्या महिन्याच्या अपडेटने जुने असुरक्षित बूटलोडर बाद करणारी यादी मशीनमध्ये टाकली, ड्युअल बूटवाल्यांना ती लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी लागली, आणि लोकांना लिनक्सच्या जागी "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग" एवढंच दिसायला लागलं. मे २०२५ च्या अपडेटांमध्ये तो दोष दुरुस्त झाला. असं परत झालं तर आधी बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून बघा, लिनक्स उठलं तर त्याचे सगळे अपडेट घ्या आणि मग परत चालू करा. नुसता क्रम बदललेला असेल तर बूट ऑर्डर. विंडोज नव्याने टाकावं लागलं आणि लिनक्सची नोंदच गेली तर मिंटचा तोच पेनड्राइव्ह लावा, लाइव्हमध्ये "बूट रिपेअर" आधीपासून असतं, त्यातलं रेकमेंडेड बटण दाबलं की बहुतेक वेळा ग्रब परत येतो. म्हणून तो पेनड्राइव्ह फॉरमॅट करून पिक्चर भरू नका. आणि मशीन उठलं नाही म्हणजे डेटा गेला असं लगेच समजू नका, निम्म्याहून जास्त वेळा फाइली जागेवरच असतात, फक्त उठायचं कुठून ते मशीनला सापडत नसतं, आणि खरं नुकसान त्यानंतर घाबरून केलेल्या फॉरमॅटने होतं.

लिनक्स काढायचं झालं तर

जमलं नाही, नको वाटलं, ठीक आहे. पण सरळ पार्टिशन उडवू नका. ग्रबच्या मेनूची माहिती त्या लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असते, ते उडवलं की पुढच्या बूटला काळ्या पडद्यावर नुसतं ग्रब असं लिहिलेलं येतं आणि खाली कर्सर लुकलुकत राहतो. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर घ्या, दोन-तीनदा बंद-चालू करून विंडोज आपलं आपण उठतंय याची खात्री करा, मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन साइज बघून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा आणि सी वर "एक्स्टेंड व्हॉल्यूम". जागा सी मधूनच काढलेली असल्यामुळे ती लगेच शेजारी असते आणि परत जोडली जाते. लेगसी मशीन असेल तर ग्रब डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बसलेला असतो, त्याला काढायला विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून कमांड प्रॉम्प्टमध्ये बूटरेक, स्पेस, स्लॅश फिक्सएमबीआर द्यावं लागतं, सुरुवातीला तो पेनड्राइव्ह बनवून ठेवा म्हटलं ते यासाठीच. बूट मेनूत उबुंटू हे नाव नंतरही दिसत राहील, त्याचा त्रास काही नसतो.